मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्रात काय पिकतं? | डायटमची गोष्ट

नमस्कार मंडळी.

जुलै महिना. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या, जाळी गुंडाळलेली, दर्याला उधाण, पाणी मातकट. मासेमारी बंद म्हणजे समुद्रही बंद, असं आपण धरून चालतो. पण गोव्यापासून खाली केरळपर्यंत वर्षातलं सगळ्यात मोठं पीक समुद्रात याच दिवसांत उभं राहतं. ते पीक डोळ्यांना दिसत नाही, कारण त्याचा एकेक दाणा बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतो. त्याचं नाव डायटम.

डायटम ही एकपेशीय शैवलं. ती सूर्यप्रकाशावर आपलं अन्न बनवतात आणि प्राणवायू सोडतात. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकटे डायटम करतात. त्यात नद्या-तळ्यांतलेही आले, पण मोठा वाटा समुद्रातल्यांचा.

[स्क्रीनवर: सूक्ष्मदर्शकाखाली गोल डायटम]

हा बघा, हा कॉसिनोडिस्कस. आपल्या किनाऱ्यावर हमखास सापडणारा आणि डायटमांमध्ये थोराड. याच्या अंगावर ही षटकोनी नक्षी दिसते ना, ती काचेची आहे. डायटमची भिंत सिलिकाची असते. वाळूत आणि काचेत असतं तेच सिलिका. भिंतीचे भाग दोन, कुंकवाच्या करंड्यासारखे: खाली तळ, वर किंचित मोठं झाकण. पेशी दुभंगते तेव्हा एकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ, आणि दोघीही आपला नवा अर्धा भाग आतल्या बाजूला तयार करतात. याचा परिणाम काय होतो बघा. जिला झाकण मिळालं ती आईएवढीच राहते. जिला तळ मिळाला, तिचं झाकण म्हणजे आईचा तळ, म्हणून ती थोडी लहान भरते. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की पेशींचा आकार घटत जातो. एका मर्यादेनंतर डायटम लैंगिक प्रजनन करतात, जुनी काच टाकून देतात, फुगतात आणि पुन्हा मूळ मापाची भिंत बांधतात. इतक्या कडक घरात राहायचं ठरवल्यावर वाढीचा प्रश्न असा सोडवावा लागला, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता, काच पाण्यापेक्षा जड. म्हणजे डायटम बुडणार. आणि बुडाला की अंधारात गेला, अंधारात गेला की अन्न बंद. किनाऱ्यावरच्या डायटमांचे निम्मे आकार या एका अडचणीतून समजतात.

कीटोसेरॉस बघा. पेशीच्या चारही कोपऱ्यांतून लांब काटे निघतात, शेजारच्या पेशीच्या काट्यांत अडकतात आणि साखळी तयार होते. काट्यांमुळे बुडणं मंदावतं आणि बारीक प्राण्यांना तो तोंडात धरणंही अवघड जातं. थॅलॅसिओसायराच्या पेशी कायटिनच्या, म्हणजे कोळंबीच्या कवचात असतं त्याच पदार्थाच्या, बारीक धाग्याने एकमेकींना बांधलेल्या असतात. स्केलेटोनिमाच्या पेशींमध्ये काचेच्या काड्यांची रांग असते, दोन पेशींना जोडणारी.

पण काटे काय, साखळ्या काय, त्यांनी वेळ मिळतो, सुटका होत नाही. पाण्यातल्या डायटमांना पोहता येत नाही. त्यांना वर ठेवायला पाणी ढवळलेलं लागतं. स्पॅनिश शास्त्रज्ञ रामोन मार्गालेफ यांनी १९७८ साली हे फार नेटकं मांडलं: खवळलेल्या आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात डायटमांचं राज्य, संथ आणि पोषण कमी असलेल्या पाण्यात शेपटी हलवून पोहू शकणाऱ्या डायनोफ्लॅजेलेट या दुसऱ्या एकपेशीय जीवांचं. म्हणजे ज्या उधाणाला आपण घाबरतो, तेच डायटमांना हवं असतं.

नैऋत्य मोसमी वारे सुटले की केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्याला ऊर्ध्वगामी प्रवाह म्हणतात. या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट भरपूर असतं. केरळकडे त्याचा जोर जास्त, गोव्याकडे येता येता तो ओसरतो. उत्तरेला, गुजरातसमोरच्या खोल समुद्रात, गोष्ट वेगळी. तिथे हिवाळ्यात कोरडे वारे पाणी गार करतात, गार पाणी जड होऊन खाली जातं आणि त्या घुसळणीतून पोषण वर येतं.

दुसरा पुरवठा नद्यांचा, आणि इथे कोकणातल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. आपली घरं, गडगे, विहिरी ज्या जांभ्याच्या आहेत, तो जांभा तयार कसा होतो? लाखो वर्षं पाऊस खडकातून झिरपतो, त्यातली सिलिका धुऊन नेतो, आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहतं. म्हणून जांभा तांबडा. मग ती धुतलेली सिलिका गेली कुठे? ओढ्यांतून नदीत, नदीतून खाडीत, खाडीतून समुद्रात. डायटम आपलं घर त्यातूनच बांधतात.

गोव्याच्या झुआरी खाडीत पावसाळ्यात स्केलेटोनिमाचं पीक येतं. पाणी निम्मं गोडं झालेलं, गढूळ, सूर्य ढगाआड. इतर बऱ्याच जातींना हे झेपत नाही, त्याला झेपतं. त्याच्या काही पेशी आधीपासून तळच्या चिखलात निपचित पडून असतात, अंधारात महिनोन्‌महिने तग धरून. पाणी ढवळलं, थोडा उजेड मिळाला की त्या जाग्या होतात आणि दुभंगू लागतात. मग एखाद्या जातीची संख्या दिवसाला दुपटीने वाढते. पाऊस ओसरून पाणी पुन्हा खारं आणि स्वच्छ होऊ लागलं की जातींची सरमिसळ वाढते. एप्रिल-मे मध्ये खाडीबाहेरचं पाणी तापून संथ होतं, नायट्रेट संपत येतं, आणि ट्रायकोडेस्मियम नावाचे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू, पाण्यावर भुशासारखे तरंगताना दिसतात. ते हवेतला नायट्रोजन वापरू शकतात, डायटमांची ती सोय नाही.

आता खाणारे. तारली, म्हणजे आपले पेडवे. तारलीच्या कल्ल्यांत बारीक, दाट चाळणी असते. तोंड उघडून पोहायचं आणि पाणी गाळायचं, हे तिचं जेवण. तिच्या पोटात डायटम सापडतात, तसे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक तरंगते प्राणीही सापडतात. १९५५ साली भारतीय शास्त्रज्ञांनी नोंदवलं, की मलबार किनाऱ्यावर फ्रॅजिलारिया ओशियानिका हा डायटम भरपूर दिसला की तारलीही भरपूर मिळते. एका सूक्ष्म शैवलावरून माशांचा अंदाज बांधायचा हा प्रयत्न होता. तारलीचं पीक एवढ्या एका गोष्टीवर ठरत नाही, हे पुढे कळलं. पण तारली पावसाळ्यात अंडी घालते आणि तिची पिल्लं डायटमांनी दाटलेल्या पाण्यात वाढतात, हा संबंध खराच आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीकडे या नजरेने बघा. वर होड्या थांबलेल्या असतात, तेव्हा खाली पुढच्या हंगामाचं ताट वाढलं जात असतं.

सगळेच डायटम निरुपद्रवी नाहीत. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर शिंपले खाऊन शंभरहून जास्त माणसं आजारी पडली, तिघं दगावली. काहींची स्मृती कायमची बिघडली. कारण निघालं स्यूडोनिझ्शिया हा डायटम आणि त्याचं विष, डोमोइक आम्ल. या गटातल्या जाती आपल्याकडेही आढळतात. त्यातल्या सगळ्या विषारी नसतात आणि विषारी जातीही कायम विष बनवत नाहीत. म्हणून घाबरून तिसऱ्या-कालवं खाणं सोडा, असं मी म्हणणार नाही. पाण्याची नियमित तपासणी हवी, एवढं मात्र ठासून म्हणेन.

मला खरी काळजी वाटते ती हिशेबाची. डायटमला नायट्रोजन आणि सिलिका जवळपास सारख्या प्रमाणात लागतात. शहराच्या सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतातून समुद्राला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतो, सिलिका त्या मानाने मिळत नाही. दुसरीकडे धरणांच्या साठ्यात डायटम वाढतात, मरतात आणि सिलिका गाळात तिथेच बसते. म्हणजे एक बाजू वाढतेय, दुसरी अडतेय. सिलिका संपली की डायटम थांबतात, पण उरलेल्या नायट्रोजनवर दुसरी शैवलं वाढतात, ज्यांना काच लागत नाही. काळ्या समुद्रात हे घडल्याचं १९९७ साली मांडलं गेलं. डॅन्यूब नदीवरच्या आयर्न गेट्स धरणावर तेव्हा ठपका आला. नंतरच्या मोजमापांत त्या एका धरणाचा वाटा कमी निघाला आणि वरच्या खोऱ्यातल्या अनेक धरणांकडे बोट गेलं. तरी मूळ मुद्दा टिकला: नदीत काय अडवतो, यावर समुद्रात काय उगवेल हे ठरतं. खाडीचं पाणी तपासताना सिलिकेटही मोजलं गेलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉमेंटमध्ये नेहमी विचारता, रात्री किनाऱ्यावर चमकणारी ती निळी लाट डायटमची का? नाही. डायटम चमकत नाहीत. ती नॉक्टिल्युका, एक डायनोफ्लॅजेलेट, आणि तिचा इथे संबंध असा, की ती डायटम खाते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमांचं पीक यायचं, तिथे या शतकाच्या सुरुवातीपासून हिरवी नॉक्टिल्युका मोठ्या प्रमाणावर पसरते. तिच्या पोटात हिरवी शैवलं राहतात, म्हणून ती दोन्हीकडून जेवते. तिला खाणारे मात्र मुख्यतः सॅल्प नावाचे पारदर्शक, तरंगते प्राणी आणि जेलीफिश, माशांच्या फारशा उपयोगाची नाही. हे का घडतंय, पाण्यातला प्राणवायू घटल्यामुळे की आणखी कशामुळे, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

जाता जाता, हे तुम्हाला स्वतः बघता येईल. पावसाळा संपल्यावर ओहोटीला खाडीवर जा. उघड्या चिखलावर कुठेकुठे सोनेरी-तपकिरी छटा दिसेल. ते लांबट डायटम. यांना भिंतीत एक चीर असते, तिच्यातून चिकट द्रव सोडत ते सरपटतात. ओहोटीला उजेडासाठी वर येतात, भरती यायच्या आधी पुन्हा चिखलात उतरतात. त्यांच्या त्या चिकट द्रवाने चिखलाचा वरचा थर धरून ठेवला जातो, तो लाटेने सहज वाहून जात नाही. शिंपले आणि खेकड्यांची पिल्लं त्यावरच चरतात. त्या छटेवरचा चिमूटभर चिखल थोड्या खाडीच्याच पाण्यात घ्या, नळाच्या पाण्यात नको, पेशी फुटतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा, चारशे पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो. नशिबाने बॅसिलॅरिया सापडला तर घाई करू नका. त्याच्या काड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, मग एकेक करत शेजारणीवरून घसरत लांब पसरतात आणि पुन्हा मागे येऊन गोळा होतात. एक फेरी पूर्ण होईपर्यंत डोळा लावून ठेवा, आणि जमलं तर मोबाइलवर टिपून मला पाठवा.