चित्राखालचं नाव

(दृश्य: पुणे, क्वीन्स गार्डन. जुन्या झाडांची सावली, संस्थेचं फाटक, आतल्या इमारतीकडे जाणारी वाट.)

पुणे स्टेशनपासून हे ठिकाण फार लांब नाही. पत्ता 28, क्वीन्स गार्डन. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे आहे, 1962 सालापासूनची. तिच्याच आवारात आदिवासी संस्कृतीचं संग्रहालय आहे. शनिवारवाडा पाहायला येणारे हजारो. वाट वाकडी करून इथवर येणारे मोजकेच.

आत गेलात की बोहाड्याचे मुखवटे भेटतात. जव्हार-मोखाड्याकडे देवदैत्यांची सोंगं निघतात, तेव्हा चेहऱ्यावर चढवायचे ते मुखवटे. मग वाद्यं. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा कर्णा मेणानं जोडून केलेला तारपा. तारांची घांगळी. पुढे दागिने, हत्यारं, बांबूच्या विणीचे मासे धरायचे सापळे. आणि भिंतींवर वारली चित्रं.

हा सगळा झाला कायमचा संग्रह. आपला विषय मात्र त्याच्या पलीकडचा आहे. हीच संस्था आदिवासी हस्तकलेची प्रदर्शनं आणि वारली चित्रस्पर्धाही भरवत आली आहे. काचेच्या आत ठेवलेली वस्तू ज्यानं केली तो माणूस बहुधा आता नाही. प्रदर्शनात मात्र करणारा स्वतः समोर बसलेला असतो. त्याला विचारता येतं, हे कसं केलंस, कुठल्या गावचा तू, शिकलास कोणाकडे. संग्रहालयानं जिवंत कलाकारांना पुन्हा पुन्हा बोलवावं, त्यांचं आजचं काम लोकांपुढे मांडावं आणि प्रत्येक वेळी त्यांच्या नावांची नीट नोंद ठेवावी, एवढंच आम्हाला या फिल्ममधून मांडायचं आहे. नावांची नोंद इतकी महत्त्वाची का, हे कळायला आधी शुक्रवार पेठेत जाऊन येऊ.

(दृश्य: राजा दिनकर केळकर संग्रहालय. अडकित्ते, वज्री, दिव्यांच्या रांगा.)

दिनकर गंगाधर केळकर कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहायचे. पण आयुष्य घातलं ते वस्तू गोळा करण्यात. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय उभं राहिलं. 1962 मध्ये त्यांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. हा अडकित्ता पाहा. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण घडवणाऱ्यानं त्याच्या पात्यांना माणसांचा आकार दिला आहे. ही पाय घासायची वज्री. हिच्या मुठीवर पक्षी बसवलाय. अंघोळीच्या वेळी हातात घ्यायच्या वस्तूवर कोणीतरी एवढा जीव ओतला होता.

तो कोण होता? बहुतेक वस्तूंच्या बाबतीत याला उत्तरच नाही. काका केळकरांनी वस्तू वाचवल्या आणि त्यासाठी महाराष्ट्रानं त्यांचे उपकार मानायलाच हवेत. पण करणाऱ्यांची नावं त्यांच्या हाती पडायच्या कितीतरी आधीच हरवली होती.

पुण्यातच याच्या उलट एक उदाहरण आहे. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट पुण्यात होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इथे आला आणि पेशव्यांच्या आश्रयानं शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा सुरू झाली. त्या वर्तुळात गंगाराम तांबट नावाचा एक पुणेकर चित्रकार होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं कागदावर उतरवला. लेण्यांची चित्रं केली. त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत आणि ती त्याच्या नावानं ओळखली जातात. चित्राबरोबर कोणीतरी ‘गंगाराम’ असं नोंदवून ठेवलं म्हणून सव्वादोनशे वर्षांनंतर आपण त्याला नावानं हाक मारू शकतो. त्याच काळात त्याच पुण्यात हत्यारं, भांडी, दिवे घडवणाऱ्या शेकडो हातांना हे भाग्य मिळालं नाही.

(दृश्य: एका वारली चित्राचा अगदी जवळून घेतलेला भाग. गेरूची जमीन, पांढऱ्या रेघा.)

आता वारलीकडे येऊ.

मूळचं वारली चित्र हे लग्नातलं काम. झोपडीची कुडाची भिंत शेणामातीनं सारवायची, वर गेरू द्यायचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करायचा. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, की झाला कुंचला. मग सवाशिणी भिंतीवर चौक काढतात. मधोमध पालघट देवी. शेजारच्या चौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या. भोवताली झाडं, मोर, शेतं, नाचणारी माणसं. चौक काढला जात असताना धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, लग्नाची गाणी म्हणत असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही.

म्हणजे हे काम बायकांचं होतं आणि ते टिकण्यासाठी नव्हतं. पुढे भिंत पुन्हा सारवली जायची, चित्र त्याखाली जायचं. सही करायचा प्रश्नच येत नव्हता.

1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले. ते स्वतः चित्रकार होते. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद आणि रंग देणारेही तेच. इथे त्यांना गंजाड गावात एकजण भेटला. लग्न नसतानाही, केवळ आवड म्हणून, तो चित्रं काढत होता. त्याचं नाव जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर त्यानं बोलणंच सोडलं होतं आणि जे सांगायचं ते तो धुळीत चित्र काढून सांगायचा, अशी हकिगत त्यांच्याबद्दल सांगतात.

1976 मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. त्यांचं मासेमारीचं जाळं ज्यानं पाहिलंय तो ते विसरत नाही. अख्ख्या चित्रावर पसरलेलं एकच जाळं. त्याची वीण इतकी बारीक की आधी नुसता पांढरट धूसर पडदा दिसतो. जवळ जावं तर एकेक गाठ वेगळी. कुठे विरळ, कुठे दाट, कारण पाण्यात जाळं तसंच पसरतं. त्या सगळ्यात माणूस कुठेतरी कोपऱ्यात, दोन त्रिकोणांचा, बोटभर उंचीचा. पट्टीनं मारलेली एकही रेघ नाही. हात किंचित थरथरत पुढे गेल्यासारखी रेघ जाते आणि त्यामुळेच पाणी हलताना दिसतं.

2018 मध्ये म्हसे गेले. पण त्यांच्यामुळे एक गोष्ट कायमची बदलली. वारली चित्राखाली करणाऱ्याचं नाव येऊ लागलं.

(दृश्य: पुण्यातल्या भिंती. सोसायटीची कंपाउंड वॉल, शाळेचं फाटक, एका कॅफेची आतली भिंत. सगळीकडे वारली आकृत्या.)

हे पाहा. पुण्यात आता वारली जिथे तिथे दिसते. सोसायटीच्या भिंतीवर, कुर्त्यावर, चहाच्या मगवर, लग्नपत्रिकेवर. बहुतेक ठिकाणी ती कोणा वारली माणसानं काढलेली नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर असतो आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. इथल्या या भिंतीवर निम्म्यांनी पाठ केली आहे, कारण काढणाऱ्यासाठी ती नुसती नक्षी होती. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते आवश्यकच होतं. पण मानांकन कलेला मिळतं, एका प्रदेशाला मिळतं. एकेका चित्रकाराची ओळख त्यातून होत नाही. ते काम प्रदर्शनाचं.

(दृश्य: हस्तकला प्रदर्शन. सतरंजीवर मांडलेली चित्रं, बांबूकाम, पाहणाऱ्यांची वर्दळ.)

प्रदर्शनात काय घडतं ते जरा थांबून पाहू. एकाच कलेची कामं शेजारी शेजारी लागली की फरक आपोआप दिसायला लागतो. एकाच्या झाडाच्या फांद्या खाली झुकतात, दुसऱ्याच्या वर उसळतात. एकजण मुंग्यांच्या रांगेत रमतो, दुसरा भातझोडणीत. ज्याला ‘वारली म्हणजे त्या पांढऱ्या बाहुल्या’ एवढंच ठाऊक असतं, त्यालाही तासाभरात हातांची ओळख पटायला लागते. एकटं टांगलेलं चित्र हे शिकवू शकत नाही.

शिवाय विषय. आजचा वारली चित्रकार फक्त पेरणी आणि लग्नच काढतो असं नाही. त्याच्या चित्रात आगगाडी येते, हमरस्ता येतो, इमारती येतात, कारण डहाणू-तलासरीच्या आयुष्यात त्या आल्या आहेत. गंजाडचेच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर एक मोठं काम केलं. गौरी गिल यांनी तिथल्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रं काढली आणि त्या छापांवर वांगड यांनी शाईनं बारीक चित्रं रेखली. छायाचित्रात रिकामं माळरान दिसतं. वांगड त्यावर तिथे पूर्वी काय होतं, काय तुटलं, लोक काय सांगतात, ते भरतात. कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते त्या जागेत वाढलेल्या माणसानं सांगितलं. याला आपण समकालीन कला म्हणणार नसू तर मग कशाला म्हणणार?

जगात काही संग्रहालयांनी हे ओळखलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनची क्वीन्सलँड आर्ट गॅलरी 1993 पासून आशिया-पॅसिफिकच्या कलावंतांचं त्रैवार्षिक प्रदर्शन भरवते. दर काही वर्षांनी त्याच प्रदेशाकडे नव्यानं पाहायचं, कोण काय करतंय ते दाखवायचं, सूची छापायची आणि निवडक कामं विकत घेऊन संग्रहात ठेवायची, अशी त्यांची रीत आहे. 2015 च्या प्रदर्शनात ‘कल्पवृक्ष’ नावाचा एक विभाग भारतातल्या आदिवासी आणि लोकपरंपरेतल्या आजच्या कलावंतांचा होता. त्यात पालघरचे वारली चित्रकार होते. समुद्रापलीकडच्या लोकांनी त्यांना आजचे कलावंत म्हणून, नावानिशी बोलावलं. पुण्याहून डहाणू एका दिवसात गाठता येतं.

राग यावा अशीच ही गोष्ट आहे. पण नुसत्या रागानं काही होत नाही, आणि पुण्यातल्या या संस्थेकडे बाकीच्यांकडे नाहीत अशा गोष्टी आहेत. संग्रह आहे. पाड्यापाड्यांशी अनेक दशकांचा संबंध आहे. प्रदर्शनं आणि स्पर्धा भरवायचा अनुभव आहे.

स्पर्धेबद्दल मात्र एक सांगायला हवं. स्पर्धेत पहिला, दुसरा, तिसरा निघतो. ढोल वाजतात, धनादेश मिळतो, तेही गरजेचं असतं. पण बाकीच्या सगळ्यांची चित्रं गुंडाळून परत जातात. पाच वर्षांपूर्वी एखाद्या मुलीनं काय काढलं होतं आणि आज ती काय काढते, हे कोणी सांगू शकत नाही. सूची असेल तर सांगता येतं. प्रत्येक कामाचा एक फोटो, खाली नाव, गाव, वर्ष, कोणाकडून शिकली. यात खर्चाचं काही नाही, चिकाटीचं काम आहे. अशी दहा प्रदर्शनं झाली की जे हाती येईल तो महाराष्ट्राच्या आदिवासी कलेचा इतिहास असेल, आणि तो लिहायला कोणाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

फक्त वारलीच नाही. मुखवटे करणारे, तारपा बांधणारे, गडचिरोलीकडचे बांबूकाम आणि लाकूडकाम करणारे, पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नर-आंबेगावचे ठाकर आणि महादेव कोळी. यांतल्या प्रत्येकाचं काम संग्रहालयात वस्तू म्हणून आहे. माणूस म्हणून त्यांना आत बोलवायचं ते प्रदर्शनातूनच.

(दृश्य: भिंत सारवणारे बायकांचे हात. गेरूचा ओला हात फिरतोय.)

आणि यात सगळ्यात मागे राहिल्या आहेत त्या बायका. चौक त्यांचा होता. कागद आला, बाजार आला, परदेश आला, आणि नावं पुढे आली ती बहुतांशी पुरुषांची. यात म्हसे यांचा दोष नाही, कोणा एकाचाच नाही. कागदावरचं चित्र विकायला घराबाहेर पडावं लागतं आणि ते पुरुषांना सोपं गेलं. पण पालघट देवी काढायचा मान आजही लग्नघरातल्या सवाशिणींचा आहे, आणि त्या कोणत्याही सूचीत नाहीत.

म्हणून पुढच्या प्रदर्शनासाठी आमचं एक मागणं आहे. चौकटीतल्या चित्रांबरोबर दालनातली एक अख्खी भिंत मोकळी ठेवा. ती सारवायला, गेरू द्यायला आणि चौक काढायला डहाणूच्या सवाशिणींना बोलवा, त्यांच्या कामाचा मोबदला द्या. धवलेरीला सोबत आणा, तिची गाणी ध्वनिमुद्रित करा. आणि भिंतीशेजारी जी पाटी लागेल तिच्यावर ‘वारली भित्तिचित्र, पालघर जिल्हा’ एवढंच लिहू नका. जेवढ्या हातांनी चौक काढला तेवढ्या सगळ्यांची नावं लिहा, त्यांच्या पाड्यांची लिहा, आणि गाणाऱ्या बाईचंही लिहा.