आधी अक्षरांची जागा, मग चित्र

मंडळी, समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी कुणाचं तरी वाक्य घेऊन अवतरणाचं चित्र करायला बसलं की बहुतेक जण आधी चित्र पुरं करतात आणि उरलेल्या कोपऱ्यात वाक्य कोंबतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे.

सुरुवात वाक्य तपासण्यापासून. मूळ पुस्तक किंवा भाषणाची छापील संहिता काढा आणि शब्द न् शब्द ताडून पाहा. भलत्याच माणसाच्या नावावर खपणारी अवतरणं पुष्कळ आहेत, आणि चित्र जितकं देखणं तितकी ती चूक लांब पोहोचते. मग वाक्य मोठ्यानं वाचा, श्वास थांबेल तिथे ओळ तोडा. विशेषण वर आणि नाम खाली गेलं, किंवा शेवटचा 'नाही' एकटाच पुढच्या ओळीत पडला, की अर्थ लंगडतो.

आता १०८० × १३५० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. चारी बाजूंनी १०० पिक्सेल समास सोडा. वाक्य साधारण ८० पिक्सेलमध्ये, नाव ३६ मध्ये; हा फरक ठळकच हवा. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट, म्हणजे १२० च्या आसपास ठेवा. सॉफ्टवेअर आपोआप देतं ते अंतर रोमन लिपीच्या सोयीचं असतं. ते तसंच ठेवलं तर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. दोन अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच राहू द्या. वाढवलंत की शिरोरेषा तुटते.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं सुटी पडत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल, तर फॉन्टला दोष देऊ नका. 'वर्ल्ड-रेडी लेआउट' ही भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय चालू करा. अक्षरांना बाह्यरेषा द्यायची असेल तर ती भरीव रंगाच्या खाली ठेवा. वर ठेवली तर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. शिवाय मजकुराची भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श मिळतात, आणि मराठी डोळ्याला हा फरक लगेच जाणवतो.

एवढं झाल्यावर चित्राला हात घाला. मजकुराच्या जागी करडा ठोकळा ठेवून अंगठ्याएवढी पाच-सहा कच्ची रेखाटनं करा. वाक्यात दिवा आहे म्हणून दिवाच काढला तर चित्र नुसतं वाक्याचा पुनरुच्चार करतं. त्या दिव्याच्या उजेडात काय दिसतं, ते काढा. आकृतीची नजर मजकुराकडे वळलेली ठेवा. ती कॅनव्हासबाहेर पाहत असेल तर वाचकही तिकडेच जातो.

अक्षरांमागे बारीक पोत आला तर अनेक जण सावली टाकतात. त्यानं कडा मळकट होतात. त्यापेक्षा तेवढ्या भागातला पोत पुसा, रंग जवळजवळ सपाट करा. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ ठेवा. मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो, पण नावाची ओळ लहान असते आणि तीच आधी हरवते. एकदा सगळं करड्या छटांत पाहा, मग २०० पिक्सेल रुंदीला आणून वाचा.

निर्यात एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या प्रमाण रंगपद्धतीत, पीएनजी फाइल म्हणून करा. जेपीईजी ८ × ८ पिक्सेलच्या चौकटींत माहिती कमी करतं, त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती धुरकट ठिपके उमटतात. लाल-निळ्या जोडीत ते अधिकच खुपतात. चित्र टाकताना पर्यायी मजकुरात (ऑल्ट टेक्स्टमध्ये) पूर्ण अवतरण आणि नाव लिहा, कारण चित्रात गेलेली अक्षरं स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, नुसते पिक्सेल असतात.