आधी फेरे, मग पिच

(कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात, एका वर्कशॉपच्या माडीवर, मॉडेल उडवणारी मंडळी आणि डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं आवरून घेतलेलं.)

मंडळी, नमस्कार. समोर निम्मी माणसं थेट मशीनवरून उठून आलेली दिसतात. फार बरं वाटलं, कारण आज मला जे सांगायचंय ते लेथवर उभं राहिलेल्या माणसाला चटकन पटतं. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘आरसी हेलिकॉप्टरची पिच आणि रोटरचे फेरे कसे लावावेत’. आरसी म्हणजे रिमोटवर उडणारं, पिच म्हणजे पात्याचा तिरकेपणा, अंशांत मोजतात तो, आणि फेरे म्हणजे रोटर, वरची ती पाती, मिनिटाला किती वेळा फिरतो ते. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. आधी फेरे ठरवा, मग पिच. गेली कित्येक वर्षं आपल्याकडे हे उलटं चाललंय आणि त्यापायी पोरांची हेलिकॉप्टरं मोडताना मी बघतोय. एकेक हेलिकॉप्टर म्हणजे घरच्यांना समजावून, पैसे साठवून घेतलेली वस्तू असते. ती एका चुकीच्या सवयीपायी मोडावी याचं मला खरंच वाईट वाटतं.

पात्यांचा कोन हलवणारी स्वॉशप्लेट म्हणजे काय, तिला ढकलणारी सर्व्हो ही छोटी मोटर कुठं बसते, हे या हॉलमध्ये सांगायची गरज नाही. लावायची पद्धत शेवटी पायरीपायरीनं सांगतो. त्याआधी माझ्या पहिल्या हेलिकॉप्टरचं ऐका, सगळा मुद्दा त्यातच आहे.

साडेचारशेच्या वर्गातलं, म्हणजे मॉडेलांतल्या लहान मापाचं, ३२५ मिलिमीटरच्या पात्यांचं, वापरलेलं हेलिकॉप्टर मी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून घेतलं. ‘सेट करून दिलंय, बॅटरी लावा आणि उडवा,’ असं तो म्हणाला. डिसेंबरचे दिवस होते. वडणग्याच्या बाजूला मित्राच्या रानातला ऊस कारखान्याला गेलेला, रान मोकळं. सकाळी गारठ्यात हेलिकॉप्टर छान उठायचं. जरा आळस करायचं, पण मला वाटायचं, असंच असतं. पुढं एप्रिल आला. दुपारी चारला, अडतीस अंशांच्या उन्हात तेच हेलिकॉप्टर वर जाईना. हातातल्या ट्रान्समीटरची स्टिक वर ढकलली की आवाज खाली यायचा, शेपूट एका बाजूला झुकायची, आणि उंची काही मिळायची नाही.

मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, ‘पिच वाढवा.’ मी ट्रान्समीटरमध्ये आकडे वाढवले. कोन मोजायचं गेज नाही, मोजमाप नाही, नुसते आकडे. फरक पडेना. परत फोन. ‘अजून वाढवा.’ तिसऱ्या उड्डाणाला हेलिकॉप्टर बांधावरून खाली येत होतं, ते थांबवायला मी स्टिक पूर्ण वर नेली. तो आवाज मला आजही आठवतो. भिंगरीची फिरक संपत यावी तसा उतरत गेला. शेपटीनं गिरकी घेतली, हेलिकॉप्टर शेजारच्या खोडव्यात आडवं पडलं. जाऊन बघतो तर मेन शाफ्ट वाकलेला आणि पात्यानं शेपटीची नळी मधोमध कापलेली. फेरे पडले की पात्यांना ताठ धरणारी ओढ कमी होते, पाती लवतात आणि आपल्याच शेपटीला लागतात.

माझा राग मोडतोडीवर नव्हता, अजूनही नाही. मोजल्याशिवाय सल्ला देणं यावर आहे. ज्यानं ते यंत्र हातात धरून बघितलं नाही, फेरे विचारले नाहीत, अंश विचारले नाहीत, तो फोनवर ‘वाढवा’ म्हणतो, आणि शिकणारा पोरगा विश्वासानं वाढवतो. या हॉलमध्ये जे जुने आहेत त्यांना हात जोडून सांगतो, नव्या पोरानं विचारलं तर आधी त्याला म्हणा, ‘मोज, मग बोलू.’

ते हेलिकॉप्टर घेऊन मी इथंच, उद्यमनगरात, एका जुन्या टर्नरकाकांकडे शाफ्ट सरळ होईल का विचारायला आलो. काकांनी आयुष्यात आरसी हेलिकॉप्टर बघितलं नव्हतं. सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘आरं, लेथ दमलं तर कट कमी करतोस का वाढवतोस?’

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. रोटरचे फेरे म्हणजे स्पिंडलचा, लेथच्या फिरत्या दांड्याचा, स्पीड आणि पिच म्हणजे कट, हत्यार किती खोल घालायचं ते. स्पिंडल दबतोय हे ऐकू येत असताना कट वाढवणारा टर्नर दुसऱ्या दिवशी कामावर दिसणार नाही. पण तोच माणूस रविवारी माळावर गेला की पिच वाढवतो!

खरं तर मला हे लहानपणापासून कळायला हवं होतं. आमच्या मामांचं गुऱ्हाळ होतं. चरकाला ऑईल इंजिन, आपल्या कोल्हापुरातच तयार झालेलं. घाण्यात ऊस घालणारा गडी नवा असला की एकदम मोठी मोळी लोटायचा. इंजिनाचा ठेका जड व्हायचा आणि चुलाणापाशी बसलेले मामा तिकडं न बघताच ओरडायचे, ‘कमी घाल, इंजिन दबतंय!’ त्या इंजिनाला गव्हर्नर होता. फेरे कमी झाले की त्याचे गोळे आत यायचे आणि डिझेल वाढायचं. आज आपल्या ईएससीमधला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला, गव्हर्नर तेच काम चिपनं करतो. पण डिझेलचा दट्ट्या आधीच शेवटाला टेकला असेल तर गव्हर्नर तरी काय वाढवणार? हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर काकांनी टूलरूममधलं डिजिटल अँगल गेज आणलं आणि पात्याला लावलं. एका पात्याला चौदा अंश, दुसऱ्याला साडेबारा. दोन पाती दोन वाटांनी चाललेली! मग त्यांनी मोटरवरचं पिनियन, ते लहान दातेरी चाक, मोजलं, अकरा दात. माहितीपत्रकात तेरा होते. विक्रेत्यानं, किंवा त्याच्याही आधीच्या मालकानं, लहान पिनियन बसवलं होतं आणि पडलेले फेरे पिच वाढवून झाकले होते.

आता हिशोब बघा. मोटर ३५०० केव्हीची, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे, बॅटरी ११.१ व्होल्टची. गुणाकार ३८,८५०. रोटर फिरवणाऱ्या मोठ्या चाकाला, मेन गिअरला, १५० दात. पिनियन तेराचं असेल तर रोटरला कागदावर साधारण ३३६० फेरे मिळतात, अकराचं असेल तर २८५०. भार आला की त्यातले पंधरा टक्के गेले असं धरा. म्हणजे एकाचे २८६०, दुसऱ्याचे २४२०. दोन दातांचा फरक, पण पात्याची उचल फेऱ्यांच्या वर्गानं बदलते. २८०० चे २५०० झाले तर फेरे अकरा टक्केच कमी झाले, उचल मात्र वीस टक्क्यांनी गेली. ती भरून काढायला पिच वाढवली की ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, वाढतो, फेरे अजून पडतात, परत पिच. आणि शेपटीचा रोटर मुख्य रोटरलाच जोडलेला असतो. मोठ्या पिचमुळे हेलिकॉप्टरला गोल फिरवू बघणारा उलटा पीळ वाढतो आणि नेमकं त्याच वेळी तो अडवणाऱ्या शेपटीचे फेरे उतरतात. म्हणून शेपूट आधी सुटते.

मग डिसेंबरात का उडत होतं? आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. पहाटेच्या पंधरा अंशांत इथल्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१५ किलो भरतं, एप्रिलच्या दुपारी १.०६. सात-आठ टक्के हवाच कमी. काठावर चाललेल्या हेलिकॉप्टरला तेवढं पुरतं. हाच फरक फेऱ्यांनी भरायचा म्हटलं तर चार टक्के वाढवले की झालं, २५०० चे २६००.

एक आडवळण घेतो, मला फार प्रिय आहे. आर्थर यंग नावाच्या अमेरिकन माणसानं पेनसिल्व्हेनियात एका कोठारात बसून वर्षानुवर्षं लहान हेलिकॉप्टरची मॉडेलं बनवली आणि मोडली. विजेच्या मोटरवर चालणारी. पात्यांखाली स्थिर ठेवणारा दांडा त्यानं त्या मॉडेलांवरच सिद्ध केला. १९४१ मध्ये तो बेल कंपनीत गेला आणि त्यातून झालेल्या बेल ४७ हेलिकॉप्टरला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचा परवाना मिळाला. म्हणजे खरं हेलिकॉप्टर मॉडेलावरून शिकलं. आपल्या जुन्या मॉडेलांवरचा फ्लायबार, तोही स्थिर ठेवणारा दांडाच, त्याच घराण्यातला. पाहून ठरवायचं, मोडलं तर कारण शोधायचं, ही शिस्त याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवताना पाळली असणार. आपल्याला ती परकी नाही.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत, साडेसातला हॉल दुसऱ्यांना द्यायचाय. तर पद्धत भरभर सांगतो, लिहून घ्या.

पहिली गोष्ट, मोटरच्या तीनपैकी दोन वायरी सोडा. टेबलावर पाती लावलेलं हेलिकॉप्टर आणि जोडलेली मोटर एकत्र नको. तीस ग्रॅमचं एक पातं २८०० फेऱ्यांवर रोटरच्या डोक्याला पन्नास किलोच्या आसपास ओढ देतं. पात्याचं टोक ताशी पावणेचारशे किलोमीटरनं जातं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चांगला सराव असलेला एक तरुण स्वतःच्याच हेलिकॉप्टरच्या पात्यानं गेला. मोटर बंद ठेवणारं थ्रॉटल होल्डचं बटण बोटाला सापडत नाही तोवर बॅटरी जोडायची नाही.

मग फेरे. उडवायचं कसं आहे त्यावर लक्ष्य ठरवा. शिकणाऱ्याला साडेचारशेच्या वर्गात २५०० च्या आसपास पुरे. सातशेच्या मोठ्या हेलिकॉप्टरला दोन हजारांच्या आसपास, कारण तिथं पातं लांब आहे, टोकाचा वेग आधीच जास्त. पिनियन असं निवडा की कागदावरचा आकडा लक्ष्याच्या बराच वर राहील, म्हणजे गव्हर्नरला हात वर करायला जागा उरेल. मामांच्या इंजिनाचा दट्ट्या आठवा. पण फेरे उगाच चढवूही नका. नुसती हवा घुसळायला लागणारी शक्ती घनानं वाढते, दहा टक्के फेऱ्यांना तेहतीस टक्के. मोजायला टॅकोमीटर किंवा ईएससीचा लॉग. कानावर नंतर या, आधी आकड्यावर.

आता पिच. स्टिक मधोमध, सर्व्होचे हात काटकोनात, स्वॉशप्लेट सपाट. ते जोडणाऱ्या दांड्यांची लांबी बदलून जुळवा, सब-ट्रिमनं, म्हणजे सर्व्होचा मध्य बारीक सरकवणाऱ्या सेटिंगनं, शेवटचा केसाएवढा फरक काढा. मधोमध शून्य अंश, दोन्ही पात्यांना, गेजवर. मग वरचं टोक आणि खालचं टोक. शिकणाऱ्याला खाली उणे तीन, वर नऊ-दहा. उलटंसुलटं उडवणाऱ्याला दोन्हीकडे अकरा-बारा. त्यापुढे जावंसं वाटलं तर फेरे तपासा, पिच नव्हे. सायक्लिकचा, म्हणजे हेलिकॉप्टर पुढंमागं-बाजूला कलवायचा, अंश फ्लायबारलेस युनिटच्या, फ्लायबारऐवजी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या, पुस्तिकेतला घ्या, तिथं आपली अक्कल नको. बॉल लिंक, दांड्याच्या टोकाचा गोळीचा सांधा, हातानं हलवून बघा. नाद खुळा असावा, बॉल लिंक खुळखुळी नसावी.

मैदानात ट्रॅकिंग. एका पात्याच्या टोकाला रंगीत पट्टी लावा, लांब उभे राहून बाजूनं बघा. दोन टोकं दोन थरांत दिसली तर लिंक अर्धा अर्धा फेरा फिरवून एका थरात आणा. शेवटी पूर्ण पिच देऊन फेरे किती पडतात ते लॉगमध्ये बघा. फार पडत असतील तर वरची पिच एक अंशानं उतरवा आणि परत उडवा. हेलिकॉप्टर आधीपेक्षा जोरात चढलं, तर काकांचं म्हणणं तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

ऑटोरोटेशन राहिलंच. एवढंच सांगतो, मोटर बंद पडली की उणे पिच देऊन फेरे राखायचे आणि जमिनीजवळ ते खर्च करायचे. त्यावर पुन्हा केव्हातरी बसू.

खाली वर्कशॉप नऊपर्यंत उघडं आहे. ज्यांनी हेलिकॉप्टर आणलंय त्यांनी वायरी सोडून बाकावर ठेवा, माझ्याकडे दोन गेज आहेत. पहिलं ते निळ्या कॅनॉपीचं घेऊ. मघापासून बघतोय, त्याची एक लिंक दुसरीपेक्षा दोन फेरे बाहेर आहे.