कार्डावरचं ते रिकामं सॉकेट

माइक चालू आहे ना? बरं. विषय दिलाय 'अ‍ॅड-ऑन नेटवर्क कार्डावरून सर्व्हर बूट करणं', वेळ पंचवीस मिनिटं, त्यातली सात प्रोजेक्टरने खाल्ली.

जुनी लॅन कार्डं, रिअलटेक ८१३९ वगैरे, ज्यांनी हाताळलीत त्यांना कार्डावरचं ते रिकामं सॉकेट आठवत असेल. बऱ्याच जणांना वाटायचं कंपनी चिप लावायला विसरली. अहो, ती बूट रॉमची जागा, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करायचा छोटा प्रोग्रॅम ज्यात असतो त्या चिपची! मशीन चालू झालं की बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, मेमरीच्या एका ठराविक पट्ट्यात दर २ केबीला डोकावतं, ५५ एए अशी खूण दिसली की आत कोणीतरी आहे म्हणून तो कोड चालवतं. हल्ली सॉकेट गेलं, रॉम कार्डावरच्या फ्लॅशमध्ये असते. म्हणजे कार्ड आपला प्रोग्रॅम सोबत घेऊन येतं, आणि आपण नेमका तोच सोडून सगळीकडे शोधतो.

आता माझंच सांगतो. एक क्लायंट, नाव नको, बिल यायचंय अजून. बिनडिस्कचा सर्व्हर, त्यात नवं १० गिगचं कार्ड, मदरबोर्डवरच्या पोर्टवरून मस्त बूट होतंय पण बूट लिस्टमध्ये कार्डाचं नावच नाही. केबल बदलली, स्लॉट बदलला, स्विचवाल्याला रात्री साडेअकराला फोन केला, तो जेजुरीला, मागून खंडोबाचा जागर ऐकू येतोय आणि हा बिचारा मला व्हीलॅन, म्हणजे स्विचवरच्या नेटवर्कच्या वाटण्या, सांगतोय. आणि मी सगळ्यांना ठणकावून सांगत होतो की हिरवा दिवा लागलाय म्हणजे कार्ड ठीक आहे. (हशा) दिवा वायरचं सांगतो हो, रॉमचं नाही! पहाटे वैतागून कार्ड एका जुन्या पीसीत घातलं, पहिल्या फटक्यात बूट. सर्व्हर निव्वळ यूईएफआय मोडमध्ये, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारात, जुना कोड चालवून घेणारी सीएसएम ही सोय बंद, आणि कार्डात फक्त जुन्या बायोससाठीची लेगसी रॉम, ती तिथे चालणारच नाही. कार्डवाल्यांच्या युटिलिटीने यूईएफआयवाली इमेज फ्लॅश केली, काम दहा मिनिटांचं.

किती राहिली? चार? मग ऐका पटापट. बायोसमध्ये त्या स्लॉटचं ऑप्शन रॉम सेटिंग, म्हणजे कार्डावरची रॉम चालवायची की नाही, ते आधी बघा. नेटवर्कवर पत्ते वाटणारा डीएचसीपी मशीनला आयपी देतो, सोबत बूटचा सर्व्हर कुठला आणि फाईल कुठली ते सांगतो, त्याच्या उत्तरातले ऑप्शन ६६ आणि ६७. लेगसीची फाईल वेगळी, यूईएफआयची वेगळी, क्लायंट कुठला ते ऑप्शन ९३ वरून कळतं. फाईल टीएफटीपी या साध्या फाईल पाठवायच्या पद्धतीने येते, यूडीपी पोर्ट ६९, तो मुळात ५१२ बाइट पाठवून पोच येईपर्यंत थांबतो, म्हणून त्याने फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम आणा, मोठी इमेज एचटीटीपीने. स्क्रीनवरचे एरर कोड: ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तर नाही, स्विचमधलं लूप टाळणारं स्पॅनिंग ट्री पोर्टला ३० सेकंद अडवून धरत असेल, ते थांबणं टाळायला स्विचवर पोर्टफास्ट लावा. ई५३ म्हणजे आयपी मिळाला, फाईलचं नाव नाही. आणि ई६१ आला ना, तर केबल बघा.

हो, तेव्हा खरंच केबल. चला, चहा आलाय.