ताप कोणत्या तारखेला भरला?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात नागपूरच्या मेयो रुग्णालयात, मेडिकलमध्ये किंवा वस्तीतल्या दवाखान्यात तापाचा रुग्ण गेला की पहिला प्रश्न असतो, "ताप कधीपासून आहे?" उत्तर येतं, "झाले असतील तीन-चार दिवस." गोळ्या लिहून द्यायला एवढं चालून जातं. डेंग्यू-चिकुनगुनियाच्या साथीवर लक्ष ठेवणाऱ्यांचं काम मात्र यावर अडतं. त्यांना नेमकी तारीख हवी असते. का, ते आज सांगायचं आहे.

डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन मुख्यतः पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडतं. त्याच्याशी लढणारी आयजीएम प्रतिपिंडं साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. तिसऱ्या दिवशीच आयजीएमची चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली, तर "डेंग्यू नाही" असा निष्कर्ष निघत नाही; तपासणी लवकर झाली, एवढंच कळतं. याची दुसरी बाजूही आहे. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकते. ऑगस्टमध्ये डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला ऑक्टोबरात वेगळाच ताप आला, तरी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. अर्जावर तारीख नसेल तर प्रयोगशाळेने हे ओळखायचं कसं? आणि एनएस-१ ही चाचणी डेंग्यूचीच आहे. सांधे धरलेत, ताप आहे आणि एनएस-१ निगेटिव्ह आहे, अशा रुग्णाची चिकुनगुनियाची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

खाजगी लॅबमधली झटपट कार्ड चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी सरकारी नोंदीत तो रुग्ण संशयितच राहतो. प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीने पक्कं झालं की मगच तो डेंग्यूचा रुग्ण म्हणून मोजला जातो. सेंटिनल केंद्रांत, म्हणजे सरकारने या तपासणीसाठी नेमलेल्या प्रयोगशाळांत, ही तपासणी मोफत होते. आयजीएमची किट्स पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून येतात. नमुना पाठवताना रक्त गोठू द्यायचं, वरचं रक्तजल (सीरम) वेगळं करायचं आणि २ ते ८ अंश सेल्सिअसला बर्फाच्या डब्यातून न्यायचं. सगळं रक्त तसंच फ्रीजरमध्ये ठेवलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. कुपीवरची शाई वितळलेल्या बर्फात धुऊन गेली, तरी तोच प्रकार.

पहिल्या दिवसांतल्या रक्ताचं मोल नागपूरने फार पूर्वी पाहिलं आहे. १९६५ साली इथे चिकुनगुनियाची साथ होती. त्या तापाचा शोध घेताना दोन रुग्णांच्या रक्तातून एक अगदी नवा विषाणू हाती लागला. त्याला नाव मिळालं चांदीपुरा, आपल्या नागपुरातल्या ठिकाणाचं. तो मुख्यतः वालुमक्षिकेतून, म्हणजे सँडफ्लाय या बारीक माशीतून पसरतो, डेंग्यूपेक्षा वेगळा आहे, आणि २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या मुलांमध्ये त्याने मोठी जीवितहानी केली. असा विषाणू रक्तातून वेगळा काढायचा तर नमुना आजाराच्या सुरुवातीचाच लागतो. ते दिवस हुकले की विषाणू रक्तातून गेलेला असतो.

आता डासाचं घड्याळ बघा. ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासून सुमारे पाचव्या दिवसापर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू फिरत असतो. या काळात त्याला चावलेली एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची मादी, लगेच आजार पसरवत नाही. तिच्या शरीरात विषाणू वाढायला ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर ती ज्याला चावेल, त्याला ४ ते १० दिवसांनी ताप येतो. १ ऑगस्टला रुग्णाला ताप भरला आणि ३ तारखेला खबर महापालिकेच्या झोन कार्यालयात पोहोचली, तर त्या माद्या धोकादायक व्हायच्या आधीच मारता येतात. हीच खबर १५ तारखेला आली, तर शेजारच्या घरात पुढचा ताप उठायच्या बेतात असतो. मधले बारा दिवस पुन्हा मिळत नाहीत.

पत्त्याचंही तसंच. एडिस बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. रुग्ण राहतो सतरंजीपुऱ्यात आणि आधारकार्ड काटोलचं, म्हणून काटोलला फवारणी झाली तर उपयोग काय? शिवाय एडिस दिवसा चावतो, त्यामुळे कॉलेज, दुकान, कारखाना, जिथे दिवस जातो तेही ठिकाण सांगायला हवं.

खबर आली की कर्मचारी आजूबाजूच्या घरांतली पाण्याची भांडी तपासतात. समजा ५० घरं पाहिली, ६ घरांत अळ्या सापडल्या, तर शंभर घरांमागे अशी घरं १२, हा झाला हाउस इंडेक्स. त्या घरांत अळ्या असलेली भांडी ९ निघाली, तर शंभर घरांमागे १८, हा झाला ब्रेटो इंडेक्स. हाउस इंडेक्स ५ किंवा ब्रेटो २० च्या वर गेला, की वस्ती डेंग्यूला पोषक मानतात. कुलूपबंद घरं या हिशेबात येत नाहीत आणि नेमक्या तिथल्याच अळ्या राहून जातात. घर बंद असल्याची चिठ्ठी दारावर दिसली, तर कर्मचाऱ्यांना परत बोलवा.

आपल्या शहरातलं सगळ्यात फसवं भांडं म्हणजे कूलर. मोकळ्या प्लॉटमधल्या डबक्याच्या तक्रारी खूप होतात, पण तिथल्या गढूळ पाण्यात बहुधा क्युलेक्स हा दुसऱ्या जातीचा डास वाढतो. डेंग्यूचा डास घरच्या स्वच्छ पाण्यातला. जूनमध्ये गारवा आला की कूलर बंद होतो, पाणी मात्र तळाला राहतं. मादी अंडी घालते पाण्याच्या रेषेच्या वर, टाकीच्या भिंतीला. ती कोरडी पडली तरी काही महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून कूलर नुसता उलटा करू नका. टाकी ब्रशने खरवडून घासा, पुसा, वाळवा, जुन्या ताट्या काढून टाका. घरातल्या इतर भांड्यांना आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, त्या दिवशी ती रिकामी करून वाळवा, कारण अळीचा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. रिकामी न करता येणारी टाकी असेल तर गप्पी मासे सोडा.

धुरळणीवर लोकांचा फार विश्वास. धुराने फक्त उडते डास मरतात, अळ्या नाहीत. शिवाय एडिस घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसतो. दारं-खिडक्या बंद ठेवून गल्लीत केलेली धुरळणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. रुग्णाच्या घरात पायरेथ्रम या कीटकनाशकाचा फवारा मारतात, एक भाग औषधाला एकोणीस भाग रॉकेल. त्या वेळी अन्न झाका, माणसं बाहेर थांबवा, पण फवारणाऱ्याला आतल्या खोलीपर्यंत जाऊ द्या.

घरात कोणाला ताप भरला, की कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. ज्या दिवशी अंग पहिल्यांदा तापलं तो पहिला दिवस. दवाखान्यात गेलात तो नव्हे. मागच्या दोन आठवड्यांत कुठे राहिलात तेही बाजूला लिहा. पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. ताप उतरताना पोट जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, कुठून रक्त आलं किंवा माणूस मलूल पडला, तर तसेच निघा. आणि जाताना कॅलेंडरचं ते पान सोबत न्या.