बिनहवेचं पोटपाणी

(दृश्य: गोबरगॅसच्या कुंडीत शेणकाला कालवणारे हात)

गोठ्यातलं ताजं शेण आणि जवळजवळ तेवढंच पाणी. गुठळ्या मोडून, काडीकचरा काढून केलेला काला नळीतून खाली टाकीत उतरतो. सोबत थोडी हवा जातेच, पण तिच्यातला ऑक्सिजन काही जीवाणू लगेच संपवून टाकतात. खरा कारभार त्यानंतरचा.

अन्नातून ऊर्जा काढायची म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन काढून कुणाच्या तरी गळ्यात मारायचे. आपल्या पेशी ते ऑक्सिजनच्या गळ्यात मारतात आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे 30च्या आसपास एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, कमावतात. आंबवण्यावर जगणाऱ्या जीवाणूच्या हाती त्याच रेणूमागे जेमतेम 2 ते 4 पडतात. इलेक्ट्रॉन घ्यायला बाहेरचं कुणी नाही, म्हणून ते अन्नाच्याच तुकड्यांवर परत टाकायचे आणि आम्लं, अल्कोहोल, हायड्रोजन बाहेर सोडायचे.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा थेंब)

1861 साली लुई पाश्चर यांनी अशाच जीवांचा एक थेंब पाहिला. थेंबाच्या मध्यावरचे जीव वळवळत होते, कडेचे, म्हणजे हवा लागलेले, निपचित पडले होते. हवेशिवाय जगणं सोडाच, यांना हवाच सोसत नव्हती!

टाकीत मात्र एकट्याचं भागत नाही. हायड्रोजन साचला की तो तयार करणाऱ्याचीच कमाई थांबते. तो उचलायला मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, करणारे लागतात. शेणातले हे जीव काटेकोरपणे पाहिलं तर जीवाणू नव्हेतच. आर्किया हे त्यांचं वेगळं घराणं. त्यातले काही हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन करतात, काही ॲसेटिक आम्ल फोडून.

ही भागीदारी इतकी घट्ट, की अल्कोहोलपासून मिथेन करणारा एक सूक्ष्मजीव वर्षानुवर्षं एकच समजला गेला. 1967 मध्ये अमेरिकेत मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोघे आहेत: एक हायड्रोजन सोडणारा, दुसरा तो खाणारा. वेगळे केल्यावर पहिल्याची अल्कोहोलवरची वाढ खुंटली.

(दृश्य: शेगडीची निळी ज्योत)

एवढ्या हातांतून जाऊनही अन्नातली बरीचशी ऊर्जा मिथेनमध्येच उरते. ती मोकळी करायला ऑक्सिजन हवा, तो टाकीत नव्हता. आपला स्वयंपाक होतो तो या जीवांना न पचलेल्या वाट्यावर.

(दृश्य: टाकीवरचा गॅस साठवणारा ड्रम, खाली बसलेला)

गॅस वाढावा म्हणून एकदम जास्त शेण ओतलं, की आम्लं करणारे झपाट्याने वाढतात. मिथेनवाले मुळात सावकाश वाढणारे. त्यांना ती आम्लं उरकत नाहीत. टाकी आंबते, ड्रम खाली बसतो आणि शेगडी नीट पेटत नाही. अशा वेळी आणखी शेण घालणं म्हणजे आगीत तेल. काही दिवस भरणी बंद ठेवायची, आणि शेजारी चालू टाकी असेल तर तिथली दोन-चार बादल्या स्लरी आणून ओतायची.