बर्फाचं ओझं आणि खालची आग

(दृश्य: विमानातून घेतलेलं चित्रण. काळ्या वाळूचा विस्तीर्ण सपाट प्रदेश, त्यावर गढूळ पाणी, पाण्यात घराएवढे बर्फाचे तुकडे.)

5 नोव्हेंबर 1996. आइसलंडचा दक्षिण किनारा. सकाळी वात्नायोकुल या प्रचंड हिमनदीच्या टोकाखालून पाणी फुटलं. रात्रीपर्यंत दर सेकंदाला 45 ते 50 हजार घनमीटर पाणी समुद्राकडे धावत होतं. देशाभोवती फिरणाऱ्या महामार्गावरचा 376 मीटर लांबीचा पूल पाण्यानं साफ नेला. शेजारच्या, त्याहून दुपटीनं लांब असलेल्या पुलाचाही लचका तोडला. माणूस मात्र एकही दगावला नाही. कारण हा पूर येणार, हे पाच आठवडे आधीच ठाऊक होतं. कधी, एवढंच कळत नव्हतं.

हे पाणी पावसाचं नव्हतं. 29 सप्टेंबरला बर्फाखालच्या बारदारबुंगा ज्वालामुखीपाशी भूकंप झाला आणि दुसऱ्या दिवशी तिथून थोडं दक्षिणेला, शेकडो मीटर जाड बर्फाच्या तळाशी उद्रेक सुरू झाला. वितळलेलं पाणी आतल्या आत वाहत ग्रीम्सव्हॉत्न या तलावात जमत राहिलं. हा तलावही बर्फाखालीच. त्याच्या तळाशी आणखी एक ज्वालामुखी, आइसलंडमधला सर्वांत जास्त वेळा जागा होणारा. पाणी चढलं, त्यानं समोरचा बर्फाचा बांध उचलला आणि हिमनदीच्या पोटातून जवळपास 50 किलोमीटर वाट काढून ते बाहेर पडलं.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. साखळीच्या गाडीभोवती उभे असलेले लोक, मागे पांढरं पठार.)

या तलावानं भूशास्त्राला एक विलक्षण प्रश्न घातला. इथे पूर आला की कधी कधी पाठोपाठ उद्रेक होई. उद्रेकामुळे बर्फ वितळतो आणि पूर येतो, हे कुणालाही पटेल. पण आधी पूर आणि मग उद्रेक? सिगुर्दुर थोरारिन्सन हे राखेच्या थरांवरून उद्रेकांची कालगणना बसवणारे भूशास्त्रज्ञ. त्यांनी 1953 मध्ये सरळ उत्तर मांडलं: तलाव रिकामा झाला की खालच्या मॅग्मावरचा, म्हणजे वितळलेल्या खडकावरचा, भार कमी होतो आणि कुकरची शिट्टी काढल्यासारखं आतलं सगळं उसळून वर येतं. दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब. तलावाची पातळी त्याच्या कितीतरी पट खाली जाते.

2004 मध्ये हे डोळ्यांसमोर घडलं. ऑक्टोबरच्या अखेरीस पूर सुरू झाला, भूकंपमापकांवर हालचाल वाढली, शास्त्रज्ञांनी इशारा दिला आणि 1 नोव्हेंबरला उद्रेक झाला. डिसेंबर 2021 मध्ये मात्र तलावावरचा बर्फ 70 मीटरहून अधिक खाली बसला, विमानांसाठीचा इशारा नारिंगी झाला, सगळे वाट पाहत राहिले... आणि काहीच झालं नाही. मला या दोन घटनांपैकी दुसरी अधिक मोलाची वाटते. भार हटणं पुरेसं नाही. आत मॅग्माही तयार असावा लागतो, हे तिनं दाखवलं.

हे ज्ञान आलं कुठून? बरंचसं कंटाळवाण्या कामातून. 1930 च्या दशकात हवामानशास्त्रज्ञ योन एयथोरसन यांनी हिमनद्यांची टोकं नियमित मोजायला सुरुवात केली. जवळपास राहणारे शेतकरी फीत घेऊन जात आणि हिमनदी किती पुढे आली, किती मागे सरली, ते लिहून पाठवत. 1950 मध्ये हिमनदी संशोधन संस्था निघाली. तिच्या वसंतातल्या मोहिमेवर आजही शास्त्रज्ञांबरोबर हौशी स्वयंसेवक ग्रीम्सव्हॉत्नला जातात. त्या फितीच्या नोंदी नसत्या, तर आजच्या उपग्रहांच्या चित्रांना जुना संदर्भच मिळाला नसता.

(दृश्य: डोंगरमाथ्यावर बसवलेली धातूची पाटी.)

या नोंदी आता एकाच दिशेनं बोलतात. 1890 च्या सुमारापासून 2019 पर्यंत आइसलंडच्या हिमनद्यांचं क्षेत्र सुमारे 2,200 चौरस किलोमीटरनं घटलं. 'ओक' ही हिमनदी 2014 मध्ये मृत म्हणून जाहीर झाली. तिथे बर्फ उरलाच नव्हता असं नाही. पण स्वतःच्या वजनानं सरकण्याइतकी जाडी उरली नाही, आणि जी सरकत नाही ती हिमनदी नव्हे.

वजन उतरलं, तशी जमीन वर येऊ लागली. वात्नायोकुलच्या कडेला काही ठिकाणी जीपीएस वर्षाला 3 सेंटीमीटरच्या आसपास वाढ दाखवतं. हॉफ्न या मासेमारीच्या गावात बंदराचं तोंड उथळ होत चाललंय. जगभर समुद्र चढण्याची चिंता, इथे बोटींना पाणी कमी पडण्याची.

खोलवरही परिणाम होतो. तिथला खडक इतका तापलेला असतो की केवळ वरच्या दाबामुळे घट्ट राहतो. दाब थोडा घटला, की थोडा अधिक वितळतो. हिमयुग संपून जाड बर्फ गेला, तेव्हा उत्तर आइसलंडमध्ये लाव्हा बाहेर पडण्याचा वेग आजच्या किमान 30 पट असावा, असा तिथल्या खडकांवरून बांधलेला अंदाज आहे. आजचं वितळणं त्या मानानं लहान आहे आणि खोलवरचा मॅग्मा वर यायला फार वेळ घेतो. तेव्हा उद्याच्या बातम्यांशी याचा संबंध जोडण्याची घाई नको.

उद्रेक मोठा असला तर काय होतं, ते 1783 नं दाखवलं. दक्षिण आइसलंडमधली लाकी ही 27 किलोमीटर लांब ज्वालामुखीची भेग आठ महिने ओकत राहिली. वायूनं गवत विषारी झालं, गुरं मेली आणि दुष्काळात देशातला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस गेला. गंधकाच्या धुक्यानं उत्तर गोलार्ध थंडावला; त्यामुळे आफ्रिकेतला आणि भारतातला मान्सूनही दुबळा झाला असावा, असं हवामानाची गणिती प्रारूपं सांगतात. लाकीचा लाव्हा बसाल्टच, आपल्या सह्याद्रीचा कातळ आहे तोच.

(दृश्य: विक गाव, टेकडीवरचं चर्च, मागे मायर्दाल्सयोकुलचा बर्फ.)

आज सगळ्यांचं लक्ष आहे ते कात्लावर, मायर्दाल्सयोकुल या हिमनदीखालच्या ज्वालामुखीवर. 1918 नंतर तिचा मोठा उद्रेक झालेला नाही. 1580 पासून ज्या नऊ उद्रेकांच्या तारखा मिळतात, ते सगळे मे ते नोव्हेंबर या काळातले, म्हणजे बर्फाचा भार हलका होण्याच्या दिवसांतले. तिचे छोटे भूकंपही उन्हाळ्याच्या शेवटी वाढतात. नऊ नोंदींवर नियम बांधता येत नाही, हे अभ्यासकही मान्य करतात. म्हणून यंत्रं बाराही महिने चालू असतात, आणि पूर आला तर टेकडीवरच्या चर्चकडे चढायचं, हे विकच्या लोकांचं ठरलेलं आहे.